खांब नंबर एकेचाळीस

पंचवीस वर्षं झाली,
या गावात ज्यानं कोणी शब्द दिला
तो माझ्याच कर्ण्यातून गेला.
मुनीर साउंड सर्व्हिस, वसमत,
हळद मोंढ्याच्या मागं.
मला भाषणं पाठ नाहीत, आवाज पाठ आहेत:
कोणाचा ‘भ’ माइकवर फुटतो,
कोण ‘माता-भगिनींनो’ म्हणताना घड्याळ बघतो,
कोणाला आकडा सांगायची वेळ आली की खोकला येतो.
मी तेवढं म्हणायचो, हॅलो, हॅलो, चेक,
आणि बाजूला व्हायचो.

परवा प्रभाग नऊच्या बायका आल्या.
पुढं दैवशाला खिल्लारे, अंगणवाडीत मदतनीस,
पदराच्या गाठीत पाचशे ॲडव्हान्स.
स्टेज नको म्हणाली.
सात खुर्च्या, बिनहाताच्या.
माइक एकच, आन् तो आमच्याकडं.
मी म्हटलं, हार-बिर?
“हाराच्या पैशात झेरॉक्स काढल्यात.”

झेरॉक्स नगरपरिषदेच्या बजेटाच्या.
अठ्ठावीस पानं.
हळद निवडणाऱ्या बोटांनी कडा पिवळ्या पडलेल्या
आणि लेकरांच्या स्केचपेननं
मधे मधे जांभळ्या रेघा.

सातातले पाच आले.
नावं कशाला, निशाणीनंच सांगतो:
कपबशी आली, शिट्टी आली, पंखा आला,
शिलाई मशीन नवऱ्याला घेऊन आली,
नारळ उशिरा, कानाला फोन लावून.

बाईनं पान एकोणीस काढलं.
नाली बांधकाम, मशिदीपासून बुद्धविहारापर्यंत,
तीनशे दहा मीटर, काम पूर्ण, बिल अदा.
“आम्ही लुगड्यानं मोजली. नऊवारी.
एकवीस लुगडी भरली, म्हणजे एकशे सत्तर धरा.
उरलेली नाली कुठून वाहती?”

पंखा म्हणाला, ते मागच्यांच्या काळातलं.
मागचे म्हणजे कपबशी.
कपबशीनं कपाळ पुसलं,
“विकासाच्या बाबतीत आम्ही कटिबद्ध...”
“कटीचं राहू द्या. मीटर सांगा.”

शिलाई मशीनचा नवरा उठला उत्तर द्यायला.
प्रयागबाईनं विचारलं, तुम्ही उभे आहात का?
तो म्हणाला, हा काय, उभाच आहे.
“निवडणुकीला?”
बसला.
मग ती उठली. तिशीची असेल. माइक उलटा धरला, मी सुलटा करून दिला.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला कर्ण्यातून, पार मोंढ्यापर्यंत.
मग म्हणाली,
“मला माहीत नाही.
आठ दिवसांत ऑफिसात बघून सांगते.”

खरं सांगतो, माझा हात आवाजाच्या बटणावरच थांबला.
पंचवीस वर्षांत हे वाक्य
माझ्या मशीनमधून कधी गेलं नव्हतं.
कुणी टाळी वाजवली नाही.
दैवशालाबाईनं तारीख लिहून घेतली.

शेवटी माइक माझ्याकडं आला, बंद करायला.
मी बंद करायलाच घेतला होता.
तोंडातून सवयीनं गेलं, हॅलो, हॅलो,
आणि पुढचं माझं मलाच ऐकू आलं:

उर्दू शाळेपासचा खांब, नंबर एकेचाळीस.
त्याच्यावर आकडा टाकून मी लाइट घेतो,
तुमच्या सगळ्यांच्या सभांना घेतली.
आजबी घेतलीय, ही बघा वायर.
त्या खांबाचा दिवा मागच्या निवडणुकीपासून बंद आहे.
पोरी शिकवणीवरून येतात मोबाइलच्या उजेडात,
त्यात माझी पण एक.
सभेपुरता करंट येतो त्याला, दिव्याला कामून येत नाही?
आन् बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं?

नारळानं फोन खिशात घातला.
शिट्टी म्हणाला, मुनीरभाई, तुम्ही तर आपले माणूस.

कर्णा गुणगुणत राहिला,
चोरीच्या करंटवर.
दैवशालाबाई पानं उलटत होती.
“पथदिवे... पथदिवे... पान तेवीस.”
जांभळी रेघ मारली.
मग मागच्या कोऱ्या बाजूला, जिथं उत्तर येणं बाकी असलेल्यांची यादी होती,
तिथं माझंही नाव लिहिलं,
कपबशीच्या खाली.