ओळ क्रमांक २९०७

रात्री साडेदहाला पहिल्यांदा बटण दाबलं.
बाहेर जूनचा उजेड, मावळायचं नाव न घेणारा.
संग्रहालयाच्या मागच्या खोलीत
तो जुना कॉम्प्युटर धापा टाकत होता,
ज्याच्यावर हालबेरानं सव्वीस वर्षं
दोन बोटांनी टाइप केलं:
चार हजार तीनशे बारा ओळी.
हेरिंग खारवणाऱ्या बायका, पिंपं, शिड्या,
बंदराच्या काट्यावर बसलेला कुणाचा तरी कुत्रा.
सगळं आता नव्या घरी न्यायचं होतं.

पहिल्या खेपेला अक्षरं फुटली.
थोर्गेर्दुरचा थ गेला,
उरली नुसती ओर्गेर्दुर
आणि तिच्या पोटात एक प्रश्नचिन्ह,
जणू कुणी विचारतंय, नक्की का?
एन्कोडिंग बदललं. सगळं पुसलं. पुन्हा.

दुसऱ्या खेपेला घोडं पेंड खायला लागलं
आडनावापाशी.
लाल चांदणी: हा रकाना भरणं आवश्यक.
आता आम्हाला आडनावं कुठली?
बापाचं नाव, कधी आईचं,
पुढे मुलगा किंवा मुलगी, संपलं.
वैतागून सगळीकडे एक आडवी रेघ टाकली
तर अख्खं गाव एकाच घराण्यातलं झालं,
रेघ घराणं, सासरी माहेरी रेघच.
रेक्याविकला ओर्वरला फोन केला.
तो झोपेतच म्हणाला, चांदणी काढता येते,
कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

तारखांचं वेगळंच.
हालबेरानं लिहिलेलं,
'धक्का जळाला त्या हिवाळ्यात',
'इंग्रिडचं लग्न व्हायच्या आदल्या आठवड्यात'.
नव्या यंत्राला यातलं काही कळेना,
त्यानं आपल्या मनानं घातलं
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
त्या एका दिवशी म्हणे आमच्या खाडीत
एकशे अडतीस फोटो निघाले,
बाह्या दुमडलेल्या बायका, उन्हाने बारीक झालेले डोळे.
जानेवारीत इथे सूर्य
डोंगराच्या वर येतच नाही.
मी तारखेचा रकाना मोडून साधा मजकुराचा केला.
ओर्वरला सांगितलं नाही.

पहाटे तीन.
यशस्वी: चार हजार तीनशे अकरा.
अयशस्वी: एक.

ओळ क्रमांक २९०७.
नाव नाही. जागा नाही. फाइल नाही.
फक्त शेऱ्याच्या रकान्यात:
'फोटो सापडत नाही. पण होता.'

फाइल जोडा, म्हणतं यंत्र.
नाहीतर ओळ वगळा.
वगळा या शब्दावर माझं बोट होतं,
खोटं कशाला बोलू.
झोप अनावर, आणि एका ओळीनं
कुणाचं काय अडणार होतं?

सकाळी आठला हालबेराला फोन लावला,
पलीकडच्या खाडीतल्या वृद्धाश्रमात.
चौऱ्याऐंशी वर्षं. मागे कुणीतरी कपबशा विसळत होतं.
नंबर सांगितल्याबरोबर म्हणाली,
तो ना, तो उसना नेलाय,
धक्का जळाला त्या हिवाळ्यात.
कोणी नेला?
आणेल की, म्हणाली,
आणि हवेचं विचारायला लागली.

मग तिसरा खण उघडला.
पाकीट होतं. वर तिच्याच अक्षरात आकडा.
आत काही नाही,
कोपऱ्यात गंजक्या टाचणीचा डाग
आणि चौकोनी फिकेपणा,
जेवढा फोटो होता तेवढाच.
मी तो स्कॅनरवर ठेवला,
झाकण हलक्या हातानं लावलं.
सहाशे डीपीआय.

साडेनऊला स्टेनुन कॉफी घेऊन आली.
पडद्यावर करडा, रिकामा कागद मोठा होऊन पसरलेला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग वाकून खालचे रकाने वाचले,
शेरा, तारीख,
आणि म्हणाली, विषय भरायचा राहिलाय.
कप माझ्या हातात दिला,
उभ्या उभ्याच टाइप केलं:
उसनवारी.
आणि जतन करा वर टिचकी मारली.