तिसऱ्या शिखरावरचा ढग

नऊ दिवस झाले, आभाळ आलेलं नाही.
दुकानातलं आइस्क्रीम संपलं,
उन्हाचं मलम गावानं कधी ठेवलंच नव्हतं.
विलमिना पीटच्या विटा उलटवता उलटवता
आमच्याकडे न बघता म्हणते,
असल्या उन्हात माणसं सरपण वाळवतात,
तुम्ही काय वाळवायला निघालात?

टॉर्मोडमामा हसत नाही.
काल रविवार होता, तेव्हा तो दिवसभर
चर्चच्या कपड्यांत बसून राहिला.
कॅमेरा कपाटात, कपाटाला कुलूप,
आणि खिडकीत आख्खं कुन्याग, कोरं करकरीत.
रविवारच्या फोटोत उजेड टिकत नाही,
त्याची आई म्हणायची.
आज पहाटे चारला त्यानं मला हाक मारली.

तिपाई मी धरते.
तिच्या एका पायाला नारिंगी सुतळी,
मेंढ्यांच्या फाटकाला बांधतात तीच.
फिल्मवर चार फोटो उरलेत.

सकाळी वारा नव्हता.
वारा नाही म्हणजे चिलटं. त्यांनी आम्हाला फोडून काढलं.
लॉखमध्ये डोंगराला खाली दुसरा डोंगर फुटला होता,
एक पाणपक्षी त्याच्या शिखरातून पोहत गेला
आणि बराच वेळ ते शिखर पुन्हा जुळेना.
मामाला मी पक्ष्याचं सांगितलं.
ऐकलं, म्हणाला.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.
इनव्हरनेसच्या डॉक्टरची तारीख सप्टेंबरातली.
गावात सगळ्यांना माहीत आहे,
म्हणून कोणी काढत नाही.
भिंगाची कडी तो बोटांनी फिरवतो,
खाचा मोजत मोजत, अनंतापर्यंत.

रेघ स्वच्छ आहे?
आहे.
तिन्ही शिखरं?
तिन्ही.
अजून काय?
घसरलेले दगड. हरणांची वाट. मोडकी भिंत.
एक पांढरा ठिपका, मेंढी असेल.
हलला?
नाही.
मग दगड.

दुपारी ऊन डोंगरावर सपाट पडलं, पापड पसरावेत तसं.
इतकं सगळं दिसत असलं, तो म्हणाला,
की फोटो कशाचा काढायचा?
चाळीस वर्षं मी ढग जायची वाट पाहिली, पोरी.
वाट पाहणं हे काम.
बटण काय, बकरीही दाबेल.

आणि तो आवरायला लागला.

तिसऱ्यावर एक ढग आहे, मी म्हणाले.
केवढा?
लहान. टोपी काढून ठेवल्यासारखा.

त्यानं थर्मास पुन्हा उघडला.
मग थांबू.

कॅरव्हॅन आल्या, गेल्या.
एका जोडप्यानं गाडीतूनच फोन बाहेर धरला
आणि डोंगर घेऊन निघून गेलं.
आम्ही ओटच्या भाकऱ्या खाल्ल्या.
दर अर्ध्या तासानं तो विचारायचा, आहे?
आहे. जरा सरकलाय.
आता तो ढग मलाच सांभाळायचा होता,
त्याची कड, त्याची सावली,
तो कुठल्या बाजूनं पातळ होतोय ते.
मामानं बोट ओलं करून वर धरलं.
वारा नाही, आणि सरकतोय?
मी सुतळीची गाठ घट्ट केली.
असतात असे, तो म्हणाला.

साडेदहाला सूर्य समुद्राकडे कलला,
दगडांना एकेक करून पाठ फुटली,
कुन्याग म्हणजे दुधाची चरवी म्हणतात,
ती कडेपर्यंत भरून आली.
आता?
गेला, मी म्हणाले.
त्यानं श्वास धरला. एकदाच दाबलं.
तीन फोटो त्यानं शिल्लक ठेवले.

परतताना विलमिना अजून रानातच होती,
उजेड होताच, तिलाही घाई नव्हती.
मिळाला का?
मिळाला, मामा म्हणाला, पण वेळ लागला.
तिसऱ्यावर ढग बसला होता.

तिनं उत्तरेकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
कमरेवर हात देऊन उठली,
आणि म्हणाली, हो, मीही पाहिला.