फरकाचा रकाना

सकाळी साडेआठला मी पांढऱ्या पेटीचं दार उघडतो.
दार उत्तरेला आहे, उन्हाने आत डोकावू नये म्हणून.
आत दोन नळ्या. एक कोरडी.
दुसरीच्या बुडाशी मलमलीचं फडकं, वात, पाण्याची कुपी.
आमच्या सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
ही नळी मात्र रोज पिते,
तेही ऊर्ध्वपातित.

बावीस पूर्णांक चार. लिहितो.
कालचं कमाल, एकेचाळीस पूर्णांक आठ. लिहितो.
आधी पेन्सिलीने, मग शाईने.

महिना सरला की तीस आकड्यांची मोळी बांधायची
आणि लाल रेघेखाली एकच आकडा:
सरासरीपासून फरक.
अधिक एक पूर्णांक तीन.
एवढंच पुढे जातं,
पुण्याला, तिथून आणखी कुठे कुठे.

दहा-बारा दिवसांनी जगाचा नकाशा येतो.
आमचा चौकोन केशरी.
त्या एका केशरीत बार्शी, अक्कलकोट, विजापूर,
सिद्धेश्वराचं तळं, यंत्रमागांचे पत्रे,
आणि कुंभारीच्या घरकुलात
माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी नागमणी यन्नम,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं.

"काय वो हवामान, ह्या म्हैन्याचं काय म्हन्तंय?"
मी सांगितलं, पॅसिफिक तापलाय. अर्धा अंश.
एल निनो म्हणतात त्याला.
तिची कातर थांबली.
"निन्ना?
निन्ना म्हंजे आमच्यात काल.
कालचंच ऊन परत आलं म्हना की."
मी हसलो. तेव्हा मार्च होता.

एप्रिलात पानं बोलायला लागली.
रात्रभर भिजवलेलं पान
दुपारी दोनला तिच्या अंगठ्याखाली पापडासारखं मोडायचं.
सतरा तारखेला माझ्या तक्त्यात आर्द्रता चौदा टक्के,
तिच्या सुपात एकसष्ट तुकडे.
तिने मोजले होते. मी विचारलं नव्हतं.

मग नव्या सरासऱ्या आल्या.
मागचं एक दशक काढलं, पुढचं एक घातलं,
तीसची तीस वर्षं राहिली,
फक्त सरासरी वर सरकली.
मी जुना एप्रिल काढून पुन्हा वजाबाकी केली.
अधिक शून्य पूर्णांक सहा.
ऊन तेवढंच होतं.
रकाना गार झाला.

नागमणीला हे सांगायला मला बराच वेळ लागला.
तिला कळायला लागला नाही.
"आमच्या शेटनं पन तसंच केलं की.
आदी हजाराला चाळीस छाट म्हंजे बोंब मारायचा.
आता साठ धरूनच चालतो.
हजार भरायला मी हजार साठ वळते,
पैसे हजाराचेच."
दोरा दाताने तोडून ती म्हणाली,
"बोट काय सरासरीनं दुकतंय का वो?"

वहीत शेवटी शेरा नावाचा एक रकाना असतो, अरुंद.
गडगडाट, धुळीचं वादळ, गारा,
असलं काही झालं तर त्यासाठी.
मी एप्रिलच्या पानावर मागे गेलो.
सतरा तारीख.
पान मोडलं, ६१.
शाई अजून केलेली नाही.
वरिष्ठ येतात दिवाळीनंतर, वही तपासायला.
तोवर बघू.

उद्या पाचवा दिवस.
नळ आधी फुसफुसतो, मग खोकतो, मग येतो.
नागमणी भिंतीवर लाटण्याने दोनदा ठोकते,
"हवामान, उठा!"
त्याही वेळा मी लिहून ठेवायला लागलोय,
वहीत नाही, कॅलेंडरच्या मागे.
मागच्या खेपेला तीन दहा.
त्याआधी दोन पंचेचाळीस.