पंचवीसात सात

शिंगाड्याच्या वेली वल्ह्यानं बाजूला सारत
फुलवंता नान्हे डोंगा हाकते.
मागच्या फळीवर मी, मांडीवर अकरावीच्या वह्या,
पायाशी बादलीत तीन मरळ, अजून जिवंत.
सडकेनं गेलं तर साडेचार किलोमीटर,
तलावातून गेलं तर एक प्रश्न.

समोरच्या पाळीवर तिचा बाप दसाराम
बॅटरी धरून उभा. बॅटरीच्या तोंडाला
नाटकाचा लाल कागद.
मंडईच्या दिवसांत तो रंगमंचावरचे दिवे सांभाळतो:
राजा मेला की लाल, परी आली की निळा.
उरलेलं वर्षभर त्याच कागदातून
लेकीला काठ दाखवतो.

"सर, लाटेच्या तोंडावर डोंगा हाकला
तं लाट जोरात येऊन आपटते.
मंग उजेडाची काहून नाई आपटत?"

मी चष्मा पुसला. अंधारात चष्मा पुसून काय होतं.
म्हटलं, ती लाट कुणासाठी घाई करत नाही.
तू धाव, थांब, मागं वळ,
ती आपल्या त्याच चालीनं येते.
फक्त दाटीवाटीनं येते, किंवा विरळ.
आणि हिशेब जुळवायला
तुझ्या मनगटावरचं घड्याळ मंदावतं,
डोंग्याची लांबी थोडी आखडते.
पाळीवरून पाहणाऱ्याला, हं. तुला नाही.
तुला तुझा डोंगा तेवढाच.

"किती हाकाव लागन?"

उजेडाच्या वेगाचे कर पंचवीस वाटे,
त्यातले सात घे.
तेवढ्या वेगानं बापाकडे निघालीस
तर हा लाल दिवा तुला हिरवा दिसेल.
तितक्याच वेगानं पाठ फिरवलीस
तर दिसणारच नाही काही,
पाठीला नुसती ऊब लागेल.

ती हसली नाही. वल्हं थांबवलं.
डोंगा आपल्या जोरावर थोडा सरकत राहिला,
कुठूनतरी सारसाची जोडी ओरडली,
बादलीतल्या एका मरळनं शेपटी आपटली.

"म्हंजे बाबा म्हनते लाल, मी म्हनीन हिरवा,
घड्याळ बी वेगळं, लांबी बी वेगळी.
पन बॅटरीतून ज्या लाटा सुटल्या
त्यातल्या माझ्यापाशी पोचल्या किती,
ते तं दोघांचं सारखंच येईन ना?
पोचली ते पोचली."

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, नागपुरात,
वसतिगृहाच्या गच्चीवर
दोन महिने घालवले होते मी एवढ्याशासाठी.
चार अक्षरांचं समीकरण होतं ते. नंतर शिकवताना
मी ते नेहमी घाईत पुसत आलो, परीक्षेत येत नाही म्हणून.
आता बोलायला गेलो
तर घशात तलावाचा गारवा.
हो, एवढंच म्हणालो.

मग ती पुन्हा हाकू लागली, मोजत, पुटपुटत.
लाल ठिपका लालच राहिला,
आमचा वेग पंचवीसात सातच्या
जवळपासही नव्हता.

काठाला डोंगा घासला.
दसारामनं दोरी ओढून पळसाच्या खुंटाला बांधली,
बादली उचलून मरळींना नख लावून पाहिलं.
"दोनशे एकतीस," फुलवंता म्हणाली.
"दोनशे एकतीस," तो म्हणाला.
रोज मोजतो म्हणे तिच्या वल्ह्याचे छपाके,
अंधारात दुसरं काय करावं माणसानं.
तिचा छपाका तिला तेव्हाच ऐकू जातो,
त्याला जरा उशिरा;
आकडा तोच.

मी त्याला सगळं सांगितलं, सात वाटे वगैरे.
वह्या काखेत धरून, चिखलात एक चप्पल रुतवून.
त्यानं मन लावून ऐकलं.
मग बॅटरीवरचा कागद नखानं सारखा करत म्हणाला,
"एवळा जोर कायले लावता, गुरुजी?
हिरवा पायजे असन
तं घरी हाये ना हिरवा कागद."