कोपराखाली

नियम एका ओळीचा: कोपराखाली हात उघडे.
हॅलिफॅक्सच्या आमच्या स्टेशनात तो किटलीच्या वर चिकटवलाय,
एका कोपऱ्याची टेप सुटलेली.

रुजू झाले त्या दिवशी मी बांगड्या काढल्या.
साबण लावून. उजवी सहज, डावी रडवून.
लॉकरमध्ये, सँडविचच्या डब्यात ठेवल्या.
व्हिडिओवर आईचं पहिलं वाक्य, "हात भुंडे का गं?"
नोकरी आहे, म्हटलं.
मग ती बराच वेळ भाजीच्या भावावर बोलत राहिली.

तस्लीम हुर्जूकने मात्र पत्र लिहिलं.
तिचे आजोबा श्रीवर्धनचे, बोटीवर खलाशी;
माझ्या मुलांना येत नाही इतकं मराठी
तिला येतं, कोकणी हेल काढून.
तीन महिने, दोन बैठका,
मग खोक्यातून बाह्या आल्या:
निळ्या, मनगटाशी इलॅस्टिक,
एका रुग्णाला एक जोडी, नंतर कचऱ्यात.
"एवढ्यासाठी?" मी विचारलं होतं.
"तू मागून तरी बघितलंस का?" ती म्हणाली,
आणि ऑक्सिजनची नळकांडी मोजू लागली.

मंगळवारी पहाटे साडेतीन, चढावरचं शेवटचं घर.
मिसेस अ‍ॅक्रॉइड, वय चौऱ्याऐंशी,
टब आणि भिंतीच्या मध्ये, चार तास,
खुबा मोडलेला, अंगावर काही नाही.
दुखतंय का, मी विचारलं.
"आधी तो दिवा मालवा," त्या म्हणाल्या.

किल्ली घेऊन आलेला शेजारी जिन्यात घुटमळत होता.
"दार," तस्लीम मला म्हणाली, आपल्या भाषेत.
दिवा ठेवावाच लागला.
तिने पांघरूण घातलं, गळ्यापर्यंत नीट खोचलं,
आणि त्याखाली हात सरकवून, नजर म्हातारीच्या डोळ्यांवर,
पिठाच्या डब्यात पडलेली अंगठी शोधावी
तशी दुखरी जागा शोधत गेली.

नळाला अडकून तिची डावी बाही टरकन फाटली.
हॉस्पिटलपर्यंत मिसेस अ‍ॅक्रॉइडनी
तेच उघडं मनगट धरून ठेवलं.
मी आरशात पाहिलं. तस्लीमने सोडवलं नाही.

स्टेशनात दोघींनी हात धुतले, कोपरापर्यंत, नियमाप्रमाणे.
तिने खोक्यातून नवी जोडी काढली.
मी लॉकर उघडलं, डबा हलवून पाहिला, बंद केलं.
डाव्या मनगटावर बांगडीचा फिकट पट्टा अजून आहे.
इथल्या उन्हाला
तो पुसायला वेळ लागणार.