ताट्या

रिपोर्ट सगळे ठीक आले.
रामदासपेठेतला डॉक्टर कागद उलटेपालटे करत म्हणाला,
काही निघत नाही हो ताई, थोडं फिरत जा.
फिरले. शंकरनगरपासून लक्ष्मीनगरपर्यंत
आणि तेवढंच परत.
थकवा सोबत चालत राहिला
एक पाऊल मागे, माझी पर्स धरून.

पोस्टात एकतीस वर्षं शिक्के मारले.
रोज सकाळी चिमट्यानं तारीख बदलायची, हे पहिलं काम.
या मार्चमध्ये विसरले दोनदा.
अख्ख्या दिवसाचं टपाल कालच्या तारखेनं गेलं
आणि कुणी काही बोललं नाही.
त्याचंच वाईट वाटलं.

घरी आम्ही दोघं.
बिल भरलं? भरलं.
दूध आलं? आलं.
एवढ्यात संसार मावायचा,
उरलेली जागा टीव्हीची.

मग एप्रिलचा दुसरा रविवार, पारा बेचाळीस.
डोमाजी सहारे आला कूलर काढायला.
दरवर्षी येतो, दरवर्षी म्हणतो
पुढच्या साली दुसरा माणूस पाहा.
ताट्यांतलं गवत ओढलं तर निघेना.
क्षार बसून पांढरं पडलेलं, विटेसारखं,
बोटानं टोकरलं तर भुगा.
"पंखा बेस आहे बाई, मोटरबी बेस आहे,
हवाच शिरून नाही राहिली आत.
काऊन बदललं नाही इतकी वर्षं?"

उत्तर नव्हतं, म्हणून गवत आणायला मीच निघाले.
दुपट्टा गुंडाळला, स्कूटी काढली.
"थांबा न," म्हणत डोमाजीनं
स्वतःच्या खिशातला कांदा माझ्या हातावर ठेवला.
उन्हाचा इलाज.
गरम होता, त्याच्या अंगाइतका.

कॉटन मार्केटजवळून तीन किलो गवत घेतलं,
पोतं पायाशी, पाय दोन बाजूंना लोंबते,
अशी मी, छप्पन्न वर्षांची, निघाले परत.
गोकुळपेठेत इंदिराबाई भाजीवालीनं ओळखलं
डोळ्यांवरून, तेवढेच दिसत होते.
"कुठं मरून गेली होती वो तू?"
आणि न मागता सांबाराची जुडी
पोत्यात खुपसली.
रस्ताभर नाकाशी सांबार आणि सुकं लाकूड.
सिग्नलला थांबले तेव्हा कळलं,
मी काहीतरी गुणगुणते आहे.

हे बनियनवर अंगणात बसलेले.
काही न बोलता ताटीची दुसरी बाजू धरली.
गवत उकलायचं, पसरायचं, जाळीत दाबायचं.
"इथं विरळ आहे."
"मग भर."
"तू भर, तुझी बोटं बारीक."
माझी बोटं बारीक आहेत हे यांना माहीत होतं
म्हणजे.

पंप सुरू केला आणि पाइप निसटला.
पाणी यांच्या चष्म्यावर, माझ्या पदरावर,
डोमाजीच्या नव्या बिडीवर.
बिडीकडे पाहत तो म्हणाला, "झालं, बुझली."
आणि हे हसले.
हसताना यांच्या नाकातून आवाज येतो,
बारीक, घोरण्यासारखा.
मी विसरले होते. खरंच विसरले होते.

रात्री ओल्या गवताचा वास खोलीभर.
मुलाचा बंगळूरहून फोन आला,
म्हणाला, मागे एवढा आवाज कसला?
हे म्हणाले, वाऱ्याचा.
मग दोघं पडून राहिलो, काही बोललो,
बरंचसं कूलरच्या घरघरीत गेलं.
यांनी "काय?" विचारलं,
मी पुन्हा सांगितलं.

थकवा गेला नाही.
सकाळी होताच, उशाला, चहाची वाट पाहत.
पण मी आधी उठले.

सोमवारी चिमट्यानं दहाचा आकडा काढला,
बारा बसवला.
मधला अकरा रविवार,
तो कुठल्याच पाकिटावर उमटायचा नाही.
पहिला शिक्का असा हाणला
की खिडकीपलीकडचे पेन्शनवाले गोधने दचकले.
"हळू वो बाई," म्हणाले,
"टेबल सरकारचा आहे."