नाव सांगत नाही

रात्री साडेनऊला लोह्यातल्या दुकानाचं शटर अर्धं ओढते,
झेरॉक्सवर कपडा टाकते
आणि आण्णाचा डेक टेबलावर घेते.
झाकण तुटलेलं. प्लेचं बटण काडेपेटीच्या तुकड्यानं
दाबून धरावं लागतं.
चाळीस रुपयांची वायर, दोन्ही टोकांना पिन;
आधी कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकात घातली, आवाज फाटला,
मग निळ्या.

गौसभाई म्हणाले होते,
"हेडकू कचरा बैठा रहता, पैले स्पिरिट मारो.
और जल्दी नक्को करो. टेप उसकी चालसेच चलती."
खरंच. साठची कॅसेट साठ मिनिटंच घेते.
पीकविम्याचे फॉर्म एका रात्रीत पन्नास भरलेत मी,
हे नाही भरता येत.

एकोणीस कॅसेटी, फरसाणाच्या डब्यात.
दोनांना बुरशी. एक उंदरानं खाल्लेली.
एकीची फीत गुंतली, ती पेन्सिलीनं फिरवून घेतली,
तुटली तिथं सेलोटेप, नखाएवढा.
त्या जागी आण्णा एक अक्षर गिळतो.

आण्णा म्हणजे सटवाजी लाऊडस्पीकरवाला.
माळेगावच्या जत्रेत त्याचा आवाज
घोड्यांवरून, गाढवांवरून, तमाशाच्या कनातींवरून जायचा.
हरवलेल्यांचं एकदा बोलून टेप करायचा,
मग तीच कॅसेट दर दहा मिनिटांनी लावून
स्वतः भाकर खायला बसायचा.
म्हणून तर उरलेत सगळे:
कंधारच्या पाव्हण्याचं खेचर, डाव्या कानाला चीर;
हिरव्या लुगड्याची बाई, ऐकायला कमी येतं
(तिला लाऊडस्पीकरवर हाका);
आणि लाल चड्डीचं पोरगं, वय पाच-सहा,
नाव सांगत नाही,
ज्याचं असंल त्यानं मंडपाच्या मागं यावं.

आण्णा बोलला की स्क्रीनवर हिरवी रेघ उठते,
गप्प झाला की सपाट.
घरी सपाटच असायची.
जत्रेहून यायचा तो घसा बसवून,
मीठ पाहिजे तर बोटानं दाखवायचा.

नवव्या कॅसेटीला तो बंद करायचं विसरलाय.
लाल चड्डीचं सांगून झालं
आणि रेघ चालूच, बारीक, मुंग्यांसारखी.
आवाज वाढवला.
हुंदके. कागदाची पुडी उलगडल्याचा आवाज.
"घे, रेवडी हाय. रडू नगं, येतेत.
माही बी एक हाय तुज्याएवढी.
ती बी तसलीच,
नाव इचारलं की तोंड फिरवती."
मग खट्.

इन्व्हर्टर बीप द्यायला लागला होता. सेव्ह केलं.
काय नाव देऊ, कॉम्प्युटर विचारत होता.
तारीख टाकली. आजची.
तिथली माहीत नाही.

पोरगं कुणी नेलं, ते टेपवर नाही.
दुसरी बाजू लावली, तर कुणाच्या तरी लग्नातला बँड,
पूर्ण अर्धा तास.
तोही ऐकला शेवटपर्यंत,
मधे काही असेल म्हणून.

सकाळी दुकानासमोर रांग.
तिसरा माणूस माझ्याच वयाचा,
आधारवर नावात चूक.
म्हटलं, खरं नाव सांगा, काय लावायचं?
तो कार्डाकडं बघत राहिला.
मागच्यांनी कलकल केली, ताई, आवरा की.
म्हटलं, थांबा जरा,
सांगतेत.